रामाकोन्याच्या रयतेचा युद्धातील हक्क

सातपुड्याच्या दक्षिण उतारावर, नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या मार्गावर रामाकोना नावाचे गाव आहे. सौंसर तालुक्यातील हे गाव १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होते. राज्य पुनर्रचनेनंतर ते नव्या मध्य प्रदेशात राहिले, आणि २०२३ साली पांढुर्णा व सौंसर हे दोन तालुके मिळून जो नवा पांढुर्णा जिल्हा निर्माण झाला, त्यात आता ते मोडते. घरात मराठी आणि कचेरीत हिंदी अशी या टापूची रीत. संत्र्यांच्या बागा, कापसाची शेते आणि जवळून वाहणारी कन्हान नदी, एवढाच त्याचा संसार. देशाची कोणतीही सरहद्द येथून शेकडो मैल दूर आहे. युद्धाच्या नकाशावर या गावाचे नाव कोणी लिहिणार नाही, आणि म्हणूनच आजच्या विवेचनासाठी आम्ही ते घेतले आहे. युद्धात नागरिकाचे कायदेशीर स्थान काय, हा प्रश्न सरहद्दीवरच्या खेड्यांचा किंवा फार तर आमच्यासारख्या किनाऱ्यावरच्या लोकांचा आहे, असा समज आपल्याकडे रूढ आहे. तो समज आता टाकून दिला पाहिजे.

मे २०२५ मध्ये भारत आणि पाकिस्तान यांच्यात जो सशस्त्र संघर्ष झाला, तो चार दिवसांत थांबला. परंतु त्या चार दिवसांत पूंछ भागात तोफांच्या माऱ्याखाली जी माणसे मृत्यू पावली, त्यांत घरात बसलेली माणसे होती आणि लहान मुलेही होती. त्याच सुमारास, ७ मे रोजी, देशात ठिकठिकाणी नागरी संरक्षणाचा सराव घेण्यात आला. भोंगे वाजले, दिवे मालवले गेले, शाळकरी मुलांना आडोसा कसा घ्यावा हे शिकविण्यात आले. हे सारे आवश्यकच होते. पण भोंगा वाजल्यावर काय करावे हे ज्या नागरिकास सांगितले गेले, त्यास आपले हक्क कोणते आहेत हे मात्र कोणीही सांगितले नाही. कर्तव्याचा पाठ झाला, हक्काचा धडा कोराच राहिला. क्षेपणास्त्रे आणि मनुष्यरहित विमाने यांच्या युगात दूरपणा हे संरक्षण राहिलेले नाही. म्हणून पूंछच्या माणसाचा प्रश्न आज रामाकोन्याच्या माणसाचाही प्रश्न आहे.

निःशस्त्रावर शस्त्र चालवू नये, ही कल्पना आपण पश्चिमेकडून उसनी घेतलेली नाही. महाभारताच्या भीष्मपर्वात युद्धारंभापूर्वी दोन्ही पक्षांनी जे नियम ठरविले, त्यांत सारथी, शंख आणि भेरी वाजविणारे, शस्त्रे वाहून नेणारे यांच्यावर प्रहार करू नये असे ठरले होते. शिवछत्रपतींनी १६७३ साली चिपळूणकडील छावणीतील अधिकाऱ्यांना पाठविलेले पत्र तर कोकणच्या प्रत्येक शाळेत भिंतीवर लावावे अशा योग्यतेचे आहे. दाणा, वैरण, लाकूडफाटा, भाजीपाला जे लागेल ते पैसे मोजून बाजारातून आणावे, रयतेस काडीचाही उपद्रव देऊ नये, नाहीतर आपल्यापेक्षा मोगल बरे असे लोक म्हणतील, हा त्या पत्राचा आशय आहे. त्यात दया आहेच. त्याबरोबर राज्य कशावर टिकते याची अचूक जाणही आहे.

परंतु इतिहासाची एकच बाजू वाचून स्वतःची पाठ थोपटून घेणे आम्हांस मान्य नाही. ज्या नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात रामाकोना आणि सौंसरचा मुलूख होता, त्याच रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षे बंगालवर चालून जात होत्या. भास्करराम कोल्हटकरांच्या घोडदळाने तेथील गावांची जी गत केली, तिच्यामुळे ‘बर्गी’ हा शब्द बंगाली घरांत लहान मुलांना भय दाखविण्याचा शब्द होऊन बसला. पुढे काळ फिरला आणि पेंढाऱ्यांच्या टोळ्यांनी याच भोसल्यांच्या मुलखातील खेडी लुटली. ज्या राज्याने परक्याच्या रयतेस तुडविले, त्या राज्याची रयत नंतर दुसऱ्याच्या टापांखाली आली. शिवछत्रपतींची आज्ञा विसरण्यास सत्तर वर्षांचा कालावधी पुरेसा झाला. यातून निघणारा बोध स्पष्ट आहे. सज्जन राजाची आज्ञा त्या राजापुरती असते. राजा बदलला, सेनापती बदलला, तरी टिकेल असे संरक्षण हवे असेल तर ते कायद्यात लिहिलेले असावे लागते, आणि तो कायदा मोडणाऱ्यास जाब विचारण्याची सोय असावी लागते.

असा कायदा जगाने फार उशिरा केला. १९०७ च्या हेग करारांत किनाऱ्याजवळ मासेमारी करणाऱ्या होड्या जप्त करू नयेत असा नियम झाला. आमच्या किनाऱ्यावरच्या किती जणांस तो ठाऊक असेल, याची शंका आहे. दुसऱ्या महायुद्धात शहरेच्या शहरे बेचिराख झाल्यावर १२ ऑगस्ट १९४९ रोजी जिनिव्हा येथे चार करार झाले. पहिले दोन जमिनीवरील आणि समुद्रावरील जखमी व आजारी सैनिकांसाठी, तिसरा युद्धकैद्यांसाठी आणि चौथा, १५९ कलमांचा, केवळ नागरिकांसाठी. शत्रूच्या ताब्यात सापडलेल्या नागरिकाची अब्रू, कुटुंब, धर्म आणि रीतिरिवाज यांचा मान राखला पाहिजे. स्त्रियांच्या शीलावरील आक्रमणापासून त्यांचे विशेष रक्षण केले पाहिजे. एकाच्या अपराधासाठी साऱ्या गावास शिक्षा करता येणार नाही. लूट करता येणार नाही. ओलीस धरता येणार नाही. व्याप्त प्रदेशातून लोकांस हद्दपार करता येणार नाही. रुग्णालयावर हल्ला करता येणार नाही. भारताने हे करार ९ नोव्हेंबर १९५० रोजी मान्य केले आणि १९६० मध्ये जिनिव्हा करार अधिनियम संमत करून त्यांना देशाच्या कायद्यात स्थान दिले.

येथपर्यंत सारे ठीक आहे. पण चौथा करार बारकाईने वाचला म्हणजे एक उणीव लक्षात येते. तो मुख्यतः शत्रूच्या हातात पडलेल्या माणसाचे रक्षण करतो. शत्रूचे विमान आकाशातून बाँब टाकते तेव्हा खाली असलेल्या सामान्य वस्तीविषयी तो फार थोडे बोलतो. रामाकोन्यावर उद्या शत्रूचे सैन्य चालून येण्याचा संभव जवळजवळ नाही; तेथे काही आलेच तर ते आकाशातून येईल. ही उणीव १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त मसुद्याने भरून काढली. नागरिक आणि सैनिक यांत भेद करा, हल्ला केवळ लष्करी लक्ष्यावर करा, मिळणाऱ्या लष्करी लाभाच्या मानाने नागरी हानी अवाजवी होणार असेल तर हल्ला थांबवा, पिके आणि पिण्याच्या पाण्याच्या सोयी नष्ट करू नका, धरणे आणि अणुवीज केंद्रे यांना हात लावू नका, असे नियम त्यात प्रथमच स्पष्ट शब्दांत आले. दीडशेहून अधिक राष्ट्रांनी तो स्वीकारला आहे. भारताने स्वीकारलेला नाही. पाकिस्तान आणि अमेरिका यांनी त्यावर सही केली, परंतु पुढचे अनुसमर्थनाचे पाऊल टाकले नाही. यातील मुख्य नियम आता रूढीने सर्वांवर बंधनकारक आहेत असे विधिज्ञ मानतात, आणि आमचेही मत तेच आहे. पण रूढी वेगळी आणि आपल्या संसदेने केलेला कायदा वेगळा.

आता आमच्या गोव्याकडे वळू, कारण या प्रश्नाचा भारतातील सर्वांत महत्त्वाचा निवाडा गोव्यातून गेलेल्या खटल्यात झाला आहे. नोव्हेंबर १९६१ मध्ये अंजदीव बेटाजवळून जाणाऱ्या ‘साबरमती’ या प्रवासी बोटीवर पोर्तुगीज सैनिकांनी गोळीबार केला, आणि त्याच सुमारास त्या पाण्यात एका मच्छीमाराचाही बळी गेला. १८ डिसेंबरला भारतीय सैन्य गोव्यात शिरले. सालाझार यांनी लिस्बनहून कळविले होते की, पोर्तुगीज सैनिक एक तर विजयी व्हावेत किंवा मरावेत. शरणागती त्यांना मंजूर नव्हती. गव्हर्नर वासालो ई सिल्व्हा यांनी ते मानले नाही. लिस्बनची आज्ञा बाजूला सारून त्यांनी युरोपीय बायकामुलांसह सुमारे ७०० नागरिकांना ‘इंडिया’ नावाच्या जहाजावर चढू दिले, आणि १९ डिसेंबरच्या रात्री शरणागती पत्करली. पूल उडविले गेले, पण पणजी आणि मडगाव ही शहरे वाचली. या गृहस्थांना पुढे त्यांच्याच सरकारने सैन्यातून बडतर्फ केले. वसाहतवादी राजवटीचा हा प्रतिनिधी आमच्या आदराचा विषय होण्याचे कारण नाही. तथापि निरर्थक लढाईत नागरिकांचा बळी देण्याचे त्यांनी नाकारले, ही गोष्ट नमूद करणे न्यायाला धरून आहे. भारतीय बाजूनेही दाभोळीचा विमानतळ आणि बांबोळीचे बिनतारी केंद्र यांवर हल्ले करताना वस्त्यांना झळ लागू नये असे पाहिले गेले, हेही तितकेच खरे आहे.

मुक्तीनंतर मार्च १९६२ मध्ये नागरिकत्वाचा आदेश निघाला. २० डिसेंबर १९६१ पूर्वी या प्रदेशात जन्मलेले लोक भारतीय नागरिक झाले. ज्यांना पूर्वीचे नागरिकत्व ठेवावयाचे होते, त्यांना एका महिन्यात तसे कळविण्याची मुभा होती. मोंतेरो नावाच्या एका ख्रिस्ती धर्मगुरूंनी पोर्तुगीज नागरिकत्व राखले. त्यांचा वास्तव्याचा परवाना नोव्हेंबर १९६४ मध्ये संपला. त्यांनी तो वाढवून घेतला नाही आणि देश सोडण्याचा हुकूमही मानला नाही. परदेशी नागरिकांविषयीच्या १९४६ च्या कायद्याखाली त्यांना शिक्षा झाली. त्यावर त्यांनी सर्वोच्च न्यायालयापुढे असा मुद्दा मांडला की, गोवा हा व्याप्त प्रदेश आहे, आपण चौथ्या जिनिव्हा कराराखाली संरक्षित व्यक्ती आहोत, आणि म्हणून आपल्याला हद्दपार करता येणार नाही.

मार्च १९६९ मध्ये सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी निकाल दिला. हे न्यायमूर्ती नागपूरचे. नागपूर उच्च न्यायालयाचे आणि १९५६ नंतर मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे ते मुख्य न्यायमूर्ती होते. म्हणजे रामाकोना ज्यांच्या न्यायाधिकारक्षेत्रात दोन्ही राजवटींत होते, त्याच न्यायाधीशाने गोव्याच्या या खटल्यात युद्धकालीन नागरिकाचे स्थान ठरविले. सशस्त्र प्रतिकार संपून प्रदेश भारतात विलीन झाला तेव्हा ‘व्याप्ती’ संपली, आणि व्याप्ती संपल्यावर तिच्यावर आधारलेले संरक्षणही उरले नाही, असा त्यांनी निर्णय दिला. मोंतेरो यांचे अपील फेटाळले गेले.

हा निकाल योग्यच होता, असे आम्ही निःसंकोचपणे म्हणतो. साडेचारशे वर्षांच्या परकी सत्तेतून सुटलेल्या भूमीला ‘व्याप्त प्रदेश’ म्हणणे हा सत्याचा विपर्यास होता. परंतु त्याच निकालपत्रात न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली, आणि तीच आमच्या चिंतेचा विषय आहे. १९६० चा अधिनियम संरक्षित व्यक्तीस न्यायालयात दाद मागण्याचा कोणताही हक्क देत नाही. करार पाळण्याची जबाबदारी सरकारने स्वीकारली आहे एवढेच खरे. ते करार सरकारविरुद्ध अमलात आणण्याची तरतूद कायद्यात नाही, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा इत्यर्थ होता. न्यायाधीशांकडे यात दोष जात नाही. त्यांनी कायदा जसा होता तसा वाचला. कायदाच तसा आहे. त्याच्या सतराव्या कलमान्वये कराराच्या भंगाचा खटला सरकारने तक्रार केल्याशिवाय चालूच शकत नाही. ज्याचे घर जळाले, ज्याचे मूल गेले, त्याने दिलेल्या अर्जास या कायद्यापुढे किंमत नाही.

काही वाचक म्हणतील की, पोर्तुगालशी निष्ठा राखणाऱ्या एका माणसाच्या अपिलाची आज आठवण कशाला? आमचे उत्तर असे की, हक्काची परीक्षा आपल्या नावडत्या माणसाच्याच बाबतीत होते. आवडत्या माणसाला न्याय देण्यासाठी कायद्याची गरज फारशी पडत नाही. मोंतेरो हरले, पण त्या निकालाने जी दारे बंद झाली, ती केवळ त्यांच्यासाठी बंद झाली नाहीत. उद्या आपल्या हाती सापडलेल्या कोणत्याही परकी नागरिकाला ती बंद आहेत. आपला माणूस दुसऱ्यांच्या हाती सापडला तर आपण कोणत्या तोंडाने तेथील न्यायालयाचे दार ठोठावावयाचे? रामाकोन्याचा तरुण आज नोकरीसाठी आखातात जातो, गोव्याचा खलाशी जगभरच्या जहाजांवर काम करतो. परदेशात युद्ध पेटले की हीच माणसे तेथे परकी नागरिक ठरतात. तेव्हा हा कायदा परक्यांसाठी आहे असे म्हणणे म्हणजे आपल्या मुलांना विसरणे होय.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. शत्रू नियम पाळत नाही, मग आपणच का पाळावे? १९६५ च्या युद्धात गुजरातचे मुख्यमंत्री बलवंतराय मेहता यांचे नागरी विमान कच्छवर पाकिस्तानी लढाऊ विमानाने पाडले, आणि त्यात मेहता, त्यांच्या पत्नी आणि इतर सहप्रवासी मृत्यू पावले. त्याच महिन्यात द्वारकेवर पाकिस्तानी नौदलाने तोफा डागल्या. हे आम्ही विसरलेलो नाही. पण १९७१ मध्ये आपण काय केले? सुमारे ९३ हजार माणसे आपल्या ताब्यात आली. त्यांत सैनिकांबरोबर हजारो नागरिक, स्त्रिया आणि मुले होती. सेनापती नियाझी जबलपूरला होते. त्याआधी बांगलादेशात घडलेल्या अत्याचारांमुळे सुमारे एक कोटी निर्वासित आपल्या दारात आले होते आणि देशात संताप धुमसत होता. तरीही सरकारने ताब्यातील माणसांना जिनिव्हा करारांप्रमाणे वागविण्याचे धोरण राखले, आणि एप्रिल १९७४ पर्यंत ती परत पाठविली गेली. त्यामुळे देश दुबळा झाला नाही. त्याची पत वाढली. शिवाय परस्परांत कसे कितीही वैर असले तरी नियम शक्य असतात याचाही पुरावा आपल्याच घरात आहे. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार भारत आणि पाकिस्तान यांनी ३१ डिसेंबर १९८८ रोजी केला, आणि १९९२ पासून दर १ जानेवारीस दोन्ही देश आपापल्या केंद्रांच्या याद्या एकमेकांना देत आले आहेत. कारवारजवळच्या कैगा केंद्राच्या छायेत राहणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांना या कराराचे मोल समजावून सांगण्याची गरज नसावी.

१९७७ चा मसुदा स्वीकारण्यात अडचण आहे ती त्यातील काही तरतुदींची. स्वयंनिर्णयासाठी लढणाऱ्या गटांना आणि गणवेश न घालता लढणाऱ्यांना त्यात जी मोकळीक मिळते, तिचा लाभ दहशतवादी घेतील ही भीती निराधार नाही. पहलगामला २२ एप्रिल २०२५ रोजी २६ निरपराध माणसांची हत्या झाल्यानंतर तर ती अधिकच साहजिक आहे. पण त्यावरचा मार्ग इतरांनी दाखवून दिला आहे. ब्रिटनने १९९८ साली आणि फ्रान्सने २००१ साली हा मसुदा आपली राखीव विधाने नोंदवून स्वीकारला. जे खुपते ते वगळून जे हिताचे ते घेणे हा व्यवहार आपल्या राज्यकर्त्यांना अवघड असू नये. काट्यासाठी बोरीचे झाडच तोडणे हा काही शहाणपणा नव्हे.

आमच्या मागण्या तीन आहेत, आणि तिन्ही साध्या आहेत. पहिली, १९६० च्या अधिनियमात दुरुस्ती करून बाधित नागरिकास, तो आपला असो की परका, स्वतः न्यायालयाकडे जाण्याचा हक्क द्यावा. सरकारच्या तक्रारीची अट काढावी. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही युद्धगुन्ह्यांचे प्रकरण नाही. दंडविधान नव्याने लिहिताना ही संधी गेली, आता स्वतंत्र दुरुस्तीने ती साधावी. दुसरी, अतिरिक्त मसुद्यातील नागरी वस्ती, पिके, पाणी, धरणे आणि रुग्णालये यांविषयीचे नियम राखीव विधानांसह स्वीकारावेत, किंवा निदान आपल्या कायद्यात घ्यावेत. आपल्या सैन्यदलांना हे नियम शिकविले जातातच. जे शिकविले जाते ते कायद्यात लिहिण्यास भ्यावयाचे कारण काय? तिसरी, हे करार देशी भाषांत सामान्य माणसापर्यंत पोहोचवावेत. कराराचा मजकूर लोकांना शांततेच्या काळात समजावून सांगण्याचे बंधन चौथ्या करारानेच घातले आहे, आणि या बंधनासाठी कोणत्याही शत्रूच्या संमतीची वाट पाहावी लागत नाही.

या तिसऱ्या मागणीवर आम्ही विशेष भर देतो. भुजच्या धावपट्टीवर बाँब पडले तेव्हा, डिसेंबर १९७१ मध्ये, माधापर गावच्या सुमारे ३०० स्त्रियांनी विमाने पुन्हा उडावीत म्हणून ती दुरुस्त केली. त्यांच्या धैर्यास तोड नाही. परंतु धावपट्टी हे लष्करी लक्ष्य असते, आणि तिच्यावर काम करणारा माणूस नागरिक राहूनही त्या लक्ष्याचा धोका अंगावर घेतो. हे कायद्याचे म्हणणे आहे. नागरिकाने देशासाठी असा धोका पत्करू नये असे आम्ही म्हणणार नाही. तो समजून उमजून पत्करावा एवढेच म्हणू. आपण कोणत्या क्षणी संरक्षित आहोत आणि कोणत्या क्षणी नाही, हे ठाऊक असणे हा नागरिकत्वाचाच एक भाग आहे.

युक्रेनमध्ये २०२२ पासून आणि गाझामध्ये ऑक्टोबर २०२३ पासून जगाने जे पाहिले, त्यावरून कायदा निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. आम्ही तो काढीत नाही. चोऱ्या होतात म्हणून चोरीविरुद्धचा कायदा कोणी रद्द करीत नाही. नियम मोडला गेला हे जगाला समजते आणि मोडणाऱ्याला आपल्या कृत्याची सबब शोधावी लागते, कारण नियम लिहिलेला असतो. ज्या दिवशी सबब शोधण्याचीही गरज वाटणार नाही, त्या दिवशी आपण पुन्हा बर्गी आणि पेंढारी यांच्या काळात गेलेलो असू.

शांततेच्या दिवसांतच असले कायदे करता येतात. तोफा धडधडू लागल्यावर संसदेला ते सुचत नाहीत आणि जनतेला ते ऐकू येत नाहीत. गोव्याच्या दोन्ही लोकसभा सदस्यांनी आणि राज्यसभा सदस्याने १९६० च्या अधिनियमाच्या दुरुस्तीचा प्रश्न संसदेत उपस्थित करावा, ही आमची त्यांना स्पष्ट सूचना आहे. मोंतेरो खटल्याने ही उणीव आमच्याच भूमीतून देशाच्या नजरेस आणली. ती भरून काढण्याचा आग्रहही येथूनच धरला जावा, हे उचित होईल.